पिवळ्या पट्टीचा निकाल

थुंकण्यासाठी लागलेली एवढी लांब रांग मी तरी जन्मात पाहिली नव्हती.

वांगणीला, उल्हासनगरच्या एका कापडवाल्याच्या फार्महाऊसवर, दर गुरुवारी ती लागायची. आंब्याच्या कलमांमधून वळसे घेत थेट फाटकाबाहेर. पुढे मंडप, मंडपात चौरंग, चौरंगावर बाळाजी महाराज, आणि त्यांच्यासमोर पितळी ताटात हळदीने रंगवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या. माणसाने यायचं, हात जोडायचे आणि पट्टीवर थुंकायचं. खाकरून नाही, गालातली लाळ अलगद सोडायची. मग महाराज पट्टी चिमटीत धरून उजेडाकडे करायचे. पिवळीच राहिली तर ‘निर्मळ!’ अशी आरोळी. लाल डाग उमटला की मंडपातल्या बायका एकदम ‘अगं आई गं’ करायच्या. लाल म्हणजे कॅन्सर. आज झालेला, नाहीतर उद्या होणारा.

खरा चमत्कार त्यापुढे. लाल आलेल्याने व्रत करायचं, तंबाखू सोडायची, महाराजांचा अंगारा रोज जिभेवर ठेवायचा आणि परत यायचं. दुसऱ्या खेपेला पट्टी पिवळी. कॅन्सर गेला! कापाकापी नाही, केस गळणं नाही, मुंबईच्या खेपा नाहीत.

“साईं, आगे सरको ना,” माझ्या मागची, उल्हासनगर कॅम्प तीनची एक जाडजूड बाई म्हणाली. “मेरे देवर का लाल आया था, अभी देखो, एकदम पीला. बाबा तो जादू है.”

मी पुढे सरकलो. माझ्यापुढे शंकर होता.

शंकर आणि मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ एकाच इमारतीत राहतो आणि एकाच कारखान्यात निवृत्तीकडे सरकतो आहोत; तो फिटर, मी स्टोअर्सला. आलेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ बसेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. माणसांच्या बाबतीतही तीच खोड. त्या रांगेत उभ्या उभ्या मी आपला मनात मेळ घालत होतो. लाल येणारे बहुतेक सगळे तंबाखू मळणारे. पिवळे येणारे बहुतेक न खाणारे. त्यात मीही, मागच्या खेपेला सोबत म्हणून आलो तेव्हाच ‘निर्मळ’ ठरलेला. आणि दुसऱ्या खेपेचे एकजात पिवळे. एकही नग नापास नाही. इतका एकसारखा माल कुठलाच पुरवठादार देत नाही हो. दिला तर त्याला आधी बसवून चहा पाजावा आणि मग खोकी फोडून बघावीत.

आणखी एक गोष्ट मेळात बसत नव्हती. ती म्हणजे चंदू.

चंदू हा महाराजांचा मुख्य सेवेकरी. पिळदार मिशीचा, पोट सुटलेला गडी. रांगेतून फिरत तो प्रत्येकाला विचारायचा, “नवे का जुने?”

“जुने,” शंकर म्हणाला.

“मग इकडं या मामा, आधी तीर्थ. चूळ भरल्यागत तोंडात घोळवायचं आणि गिळायचं. घाई नाही करायची.”

शंकरने तीर्थ घोळवलं आणि त्याचा डावा डोळा आपोआप मिटला.

“काय रे?”

“आंबट आहे, पंत. आणि जखमेला झोंबतं.”

तेवढ्यात चंदू मागच्या एका रिक्षावाल्याकडे वळला होता. “नवा काय? बस आरामात, नंबर यायला टाईम आहे. तंबाखू खातो ना? मग खा की राजा, शेवटची समजून खा. चुना संपला? हा घे माझ्याकडचा. भरपूर लाव.”

तंबाखू सोडवणाऱ्या महाराजांचा सेवेकरी खिशात चुन्याची डबी घेऊन फिरतो आणि फुकट वाटतो. हे मी मनात एका बाजूला टिपून ठेवलं.

शंकरचा नंबर आला. त्याने आधी वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला कारण होतं. डाव्या गालात, जिथे तो वर्षानुवर्षं तंबाखूचा बार ठेवायचा तिथे, एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. बदलापूरला कात्रपमध्ये डॉक्टर राजसींचा दातांचा दवाखाना आहे. त्यांनी गालात बॅटरी मारली, हसणं थांबवलं आणि सांगितलं, “तुकडा काढून तपासायला लागेल. मोठ्या हॉस्पिटलला तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची वेळ मिळतेय, ती घेते.” तुकडा हा शब्द ऐकल्यापासून शंकरची झोप उडाली होती. कारखान्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की तुकडा काढला की कॅन्सर खवळतो आणि सगळीकडे पसरतो. तिथून तो घाबरून निघाला तो थेट वांगणीला पोहोचला, आणि पहिल्याच पट्टीवर लालभडक डाग पडला.

आज दुसरी पट्टी. त्याने लाळ सोडली. महाराजांनी पट्टी उंच धरली.

पिवळी. स्वच्छ पिवळी.

“निर्मळ!” मंडप दुमदुमला. शंकर चौरंगापुढे आडवा झाला.

महाराजांनी मागे टांगलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर बोट ठेवलं. ते लॅमिनेट केलेलं होतं. “वाचा! सायन्स आहे हे, अंधश्रद्धा नाही! अमेरिकेत आत्ता कुठे समजलं की लाळेत कॅन्सरची खूण सापडते. मार्कर! इन्फ्लमेशनचा मार्कर! इन्फ्लमेशन म्हणजे काय? दाह! अग्नी! त्यांना करोडोची मशीन लागते. माझ्या गुरूंनी हळदीच्या चिंधीत ते बसवलं. डॉक्टर काय करणार? कापणार! आणि अग्नीला चिरा दिला की तो काय करतो?”

“पसरतो!” मंडप म्हणाला.

“मंगळवारी जाऊ नकोस, बेटा.”

शंकरने ती पट्टी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वर हात दाबून धरला.

घरी रणकंदन झालं. शंकरची मुलगी यशोधरा कात्रपच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिचा आवाज आमच्या मजल्यावर सहज ऐकू येतो.

“पप्पा, बावीस प्रतिज्ञा तुम्ही मला पाठ करून घेतल्या होत्या. आठवतं? आणि आता त्या बुवाच्या पाया पडून आलात?”

“देवाच्या नाही पडलो. ते सायन्स आहे. पेपरात आलंय.”

“पेपरात वांगणीच्या महाराजांचं आलंय?”

“लाळेचं आलंय!”

“अहो, पण जखम भरली का?” अंजनीवहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं. “काल चपाती दुधात भिजवून खाल्ली तुम्ही.”

शंकरने खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. “ही बघ. पिवळी आहे. मला पिवळी पाहिजे होती, पिवळी आली. मंगळवारचं नाव घरात काढायचं नाही.”

यशोधरा माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “काका, त्यांना बरं व्हायचं नाहीये. त्यांना बरं झालंय असं ऐकायचंय. मी काय करू?”

मंगळवार आला आणि गेला. हॉस्पिटलात शंकरच्या नावाने कुणीतरी हाक मारली असेल, आणि पुढचा पेशंट आत घेतला असेल.

बुधवारी सकाळी अंजनीवहिनींची किंकाळी ऐकू आली.

मी धावत गेलो. त्या मोरीत उकिडव्या बसल्या होत्या. समोर बादली, बादलीत शंकरचा शर्ट, आणि साबणाच्या हातात ती पट्टी. कारखान्यात सगळ्यांना दाखवून झाल्यावर शंकर ती खिशातच विसरला होता. पिवळी पट्टी आता लाल होती. शेंदरी नाही, गुलाबी नाही, विटेसारखी लाल.

“परत आला,” वहिनी पुटपुटत होत्या. “अहो, परत आला तो.”

शंकर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आणि यशोधरा, शाळेला निघालेली, पर्स खांद्याला, ती आईच्या हाताकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

“आई, पप्पांच्या शर्टावर वरण सांडतं, त्याला तू साबण लावतेस, तेव्हा डागाचं काय होतं?”

“लाल होतो. मग धुतला की जातो.”

“मग वरणाला कॅन्सर असतो का?”

यशोधराने पर्स फेकली आणि स्वयंपाकघरात गेली. जुन्या रुमालाची चिंधी, हळदीचं पाणी, तव्यावर शेकून वाळवणं. सगळं आमच्या डोळ्यांदेखत. मग तिने शंकरच्या जुन्या चंचीतला चुना काडीच्या टोकावर घेऊन चिंधीला लावला. लाल. त्यावर लिंबू पिळलं. पिवळी.

“मी हा प्रयोग दर वर्षी मुलांना दाखवते,” ती स्वतःवरच चिडून म्हणाली. “हळद खार, म्हणजे अल्कली, ओळखते. चुना खार, साबण खार. आंबट पडलं की परत पिवळी. तंबाखूला चुना लावतात म्हणून खाणाऱ्याची लाळ लाल. न खाणाऱ्याची पिवळी. बास! आणि तो बुवा लोकांना दुसऱ्या खेपेला काय पाजतो, माहिती आहे का कुणाला?”

“आंबट तीर्थ,” मी म्हणालो, आणि माझ्या मनातला मेळ एकदम बसला. “आणि पहिल्या खेपेला चंदू फुकट चुना वाटतो.”

“ऐकलंत, पप्पा?”

शंकर लाल डोळ्यांनी म्हणाला, “ही तुझी चिंधी. त्यांच्या पट्टीत मंत्र आहे.” मग हळू आवाजात म्हणाला, “त्यांच्या हातातली पट्टी त्यांच्यासमोर खोटी ठरव. मग मी येतो. नाहीतर मला जगतोय तसा जगू दे.”

तिने तिथूनच डॉक्टर राजसींना फोन लावला. बाई फोनवर फार बोलल्या नाहीत. शुक्रवार सकाळची वेळ मिळवते म्हणाल्या, आणि विचारलं, “उद्या गुरुवार ना? मी येते तुमच्याबरोबर. पण यशोधरा, वडिलांना एक सांग. हा आजार गुरुवार-शुक्रवार बघून वाढत नाही.”

गुरुवारी आम्ही चौघं वांगणीला उतरलो. यशोधराच्या पर्समध्ये एक लिंबू आणि खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली होती. बाटलीत ढवळ्या फेसाचं पाणी.

रांगेत चंदू आला. “नवे का जुने?”

“नवा,” मी ठोकून दिलं. तो दर गुरुवारी शेकडो तोंडं बघतो. माझं त्याला काय आठवणार! “तंबाखू आहे, पण चुना विसरलो.”

“घ्या काका, लाजता काय!”

मी तंबाखूचं नुसतं नाटक केलं आणि चुना तेवढा नखभर गालाला लावला. जीभ पोळली. हे कुणी करू नये. डॉक्टर राजसींनी मला नंतर त्याबद्दल चांगलंच झापलं.

महाराजांसमोर मी लाळ सोडली. लाल डाग पसरला. बायकांनी ‘अगं आई गं’ केलं.

“दाह!” महाराज गरजले. “मुळापर्यंत गेलाय! व्रत लागेल.”

“मागच्या महिन्यात तुम्हीच मला निर्मळ म्हणाला होतात, महाराज.”

महाराजांची पापणी लवली नाही. “मनात पाप आलं असेल. संशय! संशयाने अग्नी भडकतो.” मंडप हसला. मला कबूल करायला पाहिजे, उत्तर तयार ठेवावं तर असं.

मग यशोधरा पुढे झाली, पदर डोक्यावर घेऊन, खाली मान घालून. “महाराज, माझी मावशी अंथरुणाला खिळलीय. तिला आणता आलं नाही. तिचं बाटलीतून आणलं तर चालतं म्हणाले.”

चालायचंच. अंथरुणाला खिळलेल्यांचं बाटलीतून आणण्याची पद्धत तिथे होतीच. त्याचा भाव तेवढा जास्त होता. महाराजांनी बाटलीतले थेंब पट्टीवर ओतले. सगळी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल होत गेली.

“अरेरे,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “शेवटची पायरी. फार सोसलंय बाईने. वय काय मावशीचं?”

“काल संध्याकाळीच आणलीय दुकानातून,” यशोधरा म्हणाली, आणि तिने मान वर केली. “कपडे धुवायच्या साबणाची वडी आहे, महाराज. हे तिचं पाणी. या साबणाला किती दिवसांचं व्रत सांगता?”

ती कॅम्प तीनची बाई आजही आली होती. ती जोरात हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. तिला तिचा दीर आठवला असावा.

चंदूने बाटली हिसकावली. दोन-तीन तगडे सेवेकरी मंडपाच्या दाराशी येऊन उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, “बाहेर काढा यांना! धर्म बुडवायला आलेत!” एकाने माझी कॉलर धरली. मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही.

“हात लावू नको त्यांना!”

शंकर. इतका वेळ मागे उभा होता. तो गर्दीतून पुढे आला, आणि फिटरच्या त्या रुंद पंजाने त्याने चंदूच्या खिशातून चुन्याची डबी काढली. चंदूला कळेपर्यंत ती उघडली होती.

“महाराज, मी पाया पडलोय तुमच्या. माझं एवढंच ऐका. मी तोंड लावत नाही. थुंकत नाही.” त्याने ताटातली कोरी पट्टी उचलली आणि बोटावरचा चुना तिच्यावर टेकवला.

लाल ठिपका. सगळ्यांनी पाहिला. पुढच्या रांगेतली माणसं पायाच्या चवड्यांवर उभी राहिली.

त्याने लेकीकडे हात पसरला. तिने लिंबू दिलं. त्याने ते दातांनी तोडलं, ठिपक्यावर पिळलं. ठिपका विरघळला. पट्टी पिवळी.

“म्हणजे माझ्या गालातलं या पट्टीला काहीच कळलं नाही,” शंकर म्हणाला. तो महाराजांशी बोलत नव्हता. “लाल होती तेव्हापण नाही. पिवळी होती तेव्हापण नाही.”

“नाही, पप्पा.”

महाराज उठून उभे राहिले. कात्रणावर थापा मारत ओरडू लागले, “हे खोटं आहे? अमेरिका खोटी आहे? सायन्स खोटं आहे?”

“कात्रण खरं आहे,” डॉक्टर राजसी म्हणाल्या. इतका वेळ त्या एका खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणून लोकांना गप्प बसावं लागलं. “शरीरात कुठे सूज असली की काही प्रथिनं वाढतात. तोंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या लाळेत ती जास्त दिसतात, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. पण ती इतकी थोडी असतात की यंत्राशिवाय मोजता येत नाहीत. त्यांना रंग नाही, वास नाही. हळदीला त्यांचा पत्ताही नसतो. आणि नुसत्या हिरड्या सुजल्या, दात किडला, तरी ती वाढतात. म्हणून शोध लावणारे स्वतःच म्हणतात, थांबा, अजून तपासतोय. आपली शंका ते लपवत नाहीत. ती छापतात. महाराज, तुमची शंका कुठे छापलीय?”

“मग करायचं काय, बाई?” मागून तो रिक्षावाला ओरडला. त्याच्या हातात मागच्या गुरुवारची लाल पट्टी होती आणि आवाज रडवेला होता.

“इकडे ये. ‘आ’ कर.” पर्समधली बॅटरी काढून त्यांनी तिथेच, मंडपात, त्याच्या तोंडात पाहिलं. “तुझ्या तोंडात आज काही नाही. पण तंबाखू खात राहिलास तर कधी होईल, सांगता येणार नाही. ती पट्टी टाक आणि चंचीपण टाक. आणि सगळ्यांनी ऐका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हे खोटं. तो पसरतो उशीर केल्याने.”

रांग मोडली. सगळी नाही. काही जण तरीही महाराजांच्या पायाशी बसून राहिले, आणि एकाने तर आमच्या मागून येऊन शंकरला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला. पण पुष्कळ माणसं डॉक्टरीणबाईंच्या समोर तोंडं उघडून उभी राहिली. एकाच्या जिभेखाली पांढरा चट्टा निघाला. त्या दिवशी तो नुकताच ‘निर्मळ’ ठरला होता.

शुक्रवारी सकाळी शंकर हॉस्पिटलात गेला. आत जाताना माझा हात दाबून म्हणाला, “पंत, पिवळी यावी असं वाटतंय रे अजून.” मी म्हटलं, “इथे रंग नसतो, शंकर. इथे असतं ते कागदावर येतं.”

कागदावर कॅन्सर आला. सुरुवातीचा. ऑपरेशनने निघण्यासारखा. सर्जन म्हणाले की आणखी दोन-चार महिने गेले असते तर जबडाही घ्यावा लागला असता. डाव्या गालाचा थोडा भाग गेला. आता शंकर हसला की तोंड एका बाजूला ओढलं जातं, आणि ‘प’ म्हणताना थोडी हवा निसटते.

बाळाजी महाराजांविरुद्ध आम्ही पोलिसांत अर्ज दिला. पावसाळ्याच्या तोंडावर फार्महाऊसला कुलूप लागलं. आता ते दुसऱ्या कुठल्या तरी गावात नखं बघून किडनी सांगतात, असं ऐकतो. माल तोच, वेष्टन नवं.

वाचकहो, विज्ञानाचा शब्द चोरणारा बुवा अंगात येणाऱ्या बुवाहून जास्त घातकी, कारण त्याच्या खोट्याला एक खरं कात्रण टाचलेलं असतं. कात्रण जरूर वाचा. मग विचारा, हे कुणी तपासलं, कितीदा चुकलं, आणि चुकलेलं कुठे सांगितलंय? जो कधीच चुकत नाही त्याच्याकडे पाठ फिरवा. आणि तोंडातली जी जखम, जो चट्टा दोन आठवड्यांत जात नाही, तो घेऊन डॉक्टरकडे जा. घाबरत जा, पण जा.

शंकर कारखान्यात परत रुजू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याला फाटकाजवळ पाहिलं. शिफ्ट सुटत होती. एक तरुण फिटर भिंतीला टेकून तळव्यावर तंबाखू मळत होता. शंकर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्याने आपलं तोंड उघडून त्याला आतून दाखवलं, आणि मग त्याच्या हाताखाली आपला तळवा पसरला.

पोराने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग मळलेला सगळा बार त्या तळव्यावर ओतला. पाठोपाठ चुन्याची डबीही दिली.